बर्फावर ठोकायचं नाही

ब्लाझेना कोप्रिव्होवा चिडली की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, मग कान, आणि मग समोरच्यानं तिथून निघावं हे बरं. ओल्शिना गावातल्या दोन पिढ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दोन्ही पिढ्या शाळेच्या जेवणघरात तिच्या पळीसमोर ताटली धरून उभ्या राहिल्या होत्या. "कोबी नको" म्हणणाऱ्या पोराला ती दुप्पट कोबी वाढायची आणि संपेपर्यंत डोक्यावर उभी राहायची. त्यातलंच एक पोर पुढे गावचं सरपंच झालं, तरी ती दिसली की रस्त्याची कड धरून चालायचं.

नोकरी संपली आणि चिडायला पोरं उरली नाहीत. पण परसात तळं होतं. ज्याच्या परसात तळं आहे त्याला चिडायला कारणांची ददात नसते.

उन्हाळ्यात राखी बगळा यायचा. त्याच्यासाठी तिनं पाण्यावर जाळं ताणलं होतं. पानगळीत पाणकावळे यायचे, त्यांना ती थाळी बडवून हाकलायची. पण हिवाळ्यात ओढ्यावाटे पाणमांजर यायचं, आणि त्याचं नाव काढलं की नाक, कान, मान, सगळं एकदम पेटायचं. बगळा निदान पोटापुरतं खातो. हे मेलं मासा धरतं, वर बर्फावर ओढतं, पोटाचा मऊ घास खातं आणि उरलेलं तसंच टाकून दुसरा आणायला जातं. वर कायद्यानं त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही.

"सरकारचा जावई आहे तो," ब्लाझेना म्हणायची. "आम्ही म्हाताऱ्यांनी थंडीत मरावं आणि जावयानं जेवावं."

तळं म्हणजे काही सरोवर नव्हे. घरामागे, प्लमच्या झाडांखाली, एका बाजूनं ओढ्याचं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूनं बाहेर जातं, एवढंच. ते खणलं तिच्या नवऱ्यानं, एव्झेननं. एव्झेन जन्मभर मोठ्या तळ्यांवर मासे पाळायच्या कामाला होता. एका पानगळीत तिथल्या तळ्याचं पाणी सोडून मासे काढले तेव्हा तो एक तरणी कार्प मादी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीशी धरून घरी घेऊन आला. तिचं नाव त्यानं बारोनका ठेवलं, कारण ती तळ्यात सोडल्या सोडल्या एखाद्या सरदारणीसारखी सावकाश फेरी मारून सगळं बघून आली. पुढे तळ्यात जे काही पोहलं ते सगळं तिचंच गोत. एव्झेन गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. बारोनका होती. ब्लाझेना तळ्याकाठी उकडलेलं जव टाकायला गेली की ती वर यायची, आणि ब्लाझेना तिच्याशी भांडायची. घरात भांडायला दुसरं कोण होतं?

एव्झेनचा नियम एकच होता. हिवाळ्यात कार्प तळाशी एकमेकांना चिकटून झोपतात. खात नाहीत, हलत नाहीत. अंगावर साठवलेली चरबी पुरवून पुरवून वसंतापर्यंत नेतात. वर दणका बसला की ते दचकून जागे होतात, सैरावैरा पोहतात आणि सगळी शिदोरी त्या धावपळीत उधळून बसतात. मग बर्फाखाली खायला काही नाही, अंगात काही नाही, मरतात. म्हणून बर्फावर ठोकायचं नाही. हवेसाठी भोक हवं, तर पाणी गोठायच्या आधीच बोरूच्या पोकळ काड्यांची पेंढी उभी रोवून ठेवायची. बर्फ तिच्याभोवती धरतो आणि काड्यांतून तळं श्वास घेतं. पुढे काही करायचं नाही. हा नियम ब्लाझेनानं अख्ख्या गल्लीला पाठ करायला लावला होता. बर्फावर घसरायला आलेल्या पोरांना ती खराटा घेऊन हाकलायची, आणि खाली उजेड जावा म्हणून स्वतः वरचा भुसभुशीत बर्फ झाडायची तेव्हा बुटांवर एव्झेनचे जुने लोकरी मोजे चढवून मांजरीच्या पावलांनी चालायची.

आदल्या हिवाळ्यात असंच झाडताना ती घसरली आणि मनगट मोडून घेतलं. त्याच हिवाळ्यात पाणमांजरानं निम्मं तळं रिकामं केलं. झालं, मुलाला निमित्त मिळालं. रादोवान ब्रनो शहरात राहतो, दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला तेच बोलतो.

"आई, अगं पुरे झालं आता. बुजवून टाकू ते. वर फरसबंदी घालू, खुर्ची टाकून बस मस्त."

"मला काय कुंडीतलं झाड समजलास, उन्हात ठेवायला?"

"एक दिवस तू त्या बर्फात पडून राहशील आणि कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"हिनेकला कळेल. दिवसभर खिडकीत नाक लावून बसलेला असतो."

असं तोंडाला तोंड वाढत गेलं आणि रागाच्या भरात ती बोलून गेली, "वसंतात बर्फ वितळू दे. तळ्यात एक जरी मासा पोहताना दिसला तर पुन्हा बुजवायचं नाव काढायचं नाही. नाही दिसला तर आण तुझं ते माती ढकलायचं यंत्र आणि घाल माझ्या छातीवर माती."

"ठरलं," रादोवान म्हणाला. तो तिचाच मुलगा होता, शब्द फिरवणारा नव्हता. ब्लाझेनानं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

मग तिनं कंबर कसली. कुंपणाची जाळी जमिनीत हातभर खोल पुरली. ओढ्याच्या तोंडाशी लोखंडी गज बसवले. फाटकाला नवी कडी लावली. न्हाव्याकडून माणसांच्या केसांची पिशवी आणून जुन्या पायमोज्यांत भरून कुंपणावर टांगली, माणसाच्या वासानं जनावर बिचकतं म्हणून. एव्झेनचा कामाचा सदराही टांगला. त्यातला एव्झेनचा वास केव्हाच उडून गेला होता, हे तिला ठाऊक होतं. पण तो सदरा तिथे असला की बरं वाटायचं.

आणि मग बर्फ पडला. बर्फाला लाज नाही. तो कुंपणाला टेकून साचतो, साचतो, आणि शेवटी जाळीच्या वरपर्यंत असा उतार करून देतो की पाणमांजरानं नुसतं चालत यावं. म्हणून रोज सकाळी, मनगट ठणकत असताना, ब्लाझेना फावडं घेऊन दोन्ही बाजूंनी कुंपण मोकळं करायची. वाऱ्याला शिव्या, आभाळाला शिव्या, फावड्याला शिव्या.

पलीकडून शेजारी हिनेक बघायचा. हिनेक खाटीक होता. गावच्या सहकारी सोसायटीत त्यानं आयुष्यभर डुकरं कापली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळी गल्ली आपापले कार्प घेऊन त्याच्या दारात यायची. आमच्याकडे नाताळच्या रात्री ताटात तळलेला कार्प आणि बटाट्याची कोशिंबीर नसेल तर तो नाताळच नव्हे. पण चौकातल्या हौदातून जिवंत विकत आणलेल्या आणि दोनतीन दिवस न्हाणीघराच्या टबात पोहलेल्या माशावर हातोडी उचलायला घरातला कुणी धजत नाही. हिनेक उचलायचा. एक ठोका, संपलं. "रडणाऱ्यांनी बाहेर थांबा," एवढंच म्हणायचा.

"अगं ए, जाळीला वीज सोड की," तो कुंपणावरून चिडवायचा. "नाहीतर तूच रात्री तिथे उभी राहा. तुझं तोंड बघून पाणमांजर उलटपावली ऑस्ट्रियात जाईल."

"तुझं तोंड बघून तर ते इथे आलंय. म्हणालं असेल, इथे माझा भाऊबंद राहतो."

पूर्वी हिनेकची बायको यार्मिला मध्ये पडायची, दोघांनाही गप्प करून केक द्यायची. ती त्या वर्षी उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून हिनेकचं चिडवणं कमी झालं होतं. ब्लाझेनाच्या ते लक्षात आलं होतं, पण सहानुभूती कशी दाखवतात हे तिला कधी जमलं नाही. एकदा तिनं बटाट्याच्या सूपाचं पातेलं त्याच्या पायरीवर आदळून ठेवलं आणि "भांडं घासून दे" असं ओरडून परत आली.

नाताळला रादोवान तिला शहरात घेऊन गेला. एकच रात्र. जाण्याआधी तिनं फाटकाची कडी दोनदा ओढून बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रादोवान तिला घरासमोर सोडून सासुरवाडीला गेला आणि ती पिशवी हातात घेऊनच मागे गेली. फाटक उघडं होतं. रात्रीच्या बर्फानं ते तसंच अडवून धरलं होतं. फाटकातून मोठ्या बुटांचे ठसे तळ्यापर्यंत गेले होते, अर्धे बर्फानं भरलेले. त्यांच्यावरून, ताजे, पाणमांजराच्या पायांचे ठसे, आणि मधूनमधून पोटावर घसरत गेल्याची गुळगुळीत चर. ओढ्याच्या तोंडाशी, जिथे बर्फ पातळ असतो, तिथे बादलीच्या तोंडाएवढं काळं भोक.

आणि भोकाशेजारी तो जावई स्वतः बसला होता. पुढच्या दोन पायांत एक छोटा कार्प धरून, मिशा ओल्या, मजेत जेवत होता. तिच्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा घास घेतला.

तो घास तिला सहन झाला नाही. लाकडांच्या ढिगाशी एव्झेनची लोखंडी पहार होती. ती कधी हातात आली, मनगट कधी दुखायचं थांबलं, काही कळलं नाही. "जेव! जेव माझ्या डोंबलावर!" असं ओरडत ती बर्फावर धावली. पाणमांजर भोकातून खाली गेलं. बर्फाखालून त्याच्या श्वासाचे बुडबुडे चांदीच्या नाण्यांसारखे पळताना दिसत होते, आणि ब्लाझेना त्यांच्यामागे पळत होती. जिथे बुडबुडा तिथे पहार. दण्. दण्. फाटकाच्या बाजूला, पेंढीच्या बाजूला, मध्यभागी. शिव्या देत, रडत, दम लागून पुन्हा उठत. तिच्या बुटांवर मोजे नव्हते. शेवटी पाणमांजर भोकातून बाहेर आलं, अंग झटकलं आणि उघड्या फाटकातून निघून गेलं. मागे अर्धा मासा राहिला.

बुटांचे ठसे हिनेकच्या दाराशी जाऊन थांबत होते. तिनं दार वाजवलं नाही, पहारेनं ढोसलं.

"तू आला होतास माझ्या तळ्यावर?"

हिनेक दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगात यार्मिलाचा विणलेला स्वेटर. "आलो होतो," तो म्हणाला.

"कशाला मेल्या?"

"चौकातल्या हौदातून कार्प आणला होता. सवयीनं आणला गं. बाहेरच्या थंड खोलीत टबात ठेवला. काल मारायला गेलो आणि..." त्यानं हात उचलून पुन्हा खाली सोडला. "घरात हलणारं तेवढंच होतं. नाही मारवलं. म्हटलं, तुझ्या तळ्यात सोडावा."

"दया आली! डुकरांचा काळ होतास जन्मभर, आणि दया यायला माझंच तळं सापडलं?"

"बर्फावर ठोकलं नाही हां मी," तो घाईनं म्हणाला. "नियम माहीत आहे मला. किटलीनं उकळतं पाणी ओतून ओतून भोक केलं. आवाज होऊ दिला नाही. नंतर टब दोन्ही हातांत होता, म्हणून फाटक... कडी राहिली बहुतेक."

"उपकार केलेस! किटली घेऊन आला म्हणे! अरे, फाटक उघडं, भोक उघडं, पानं मांडून ठेवलीस तू त्याच्यासाठी. एव्झेनचं तळं गेलं ना तर ते तू खाल्लंस, हिनेक. पाणमांजरानं नाही, तू."

यार्मिला असती तर मध्ये पडली असती.

ब्लाझेनानं ते भोक फळी टाकून झाकलं, फाटक मोकळं करून कडी लावली, आणि नाताळची सुट्टी संपून दुकान उघडलं त्या सकाळी पावाच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गावाला एवढं पुरे. दारूच्या गुत्त्यात हिनेक आला की कुणीतरी विचारायचं, "काय रे, आज कुणाला जीवदान?" कुणी म्हणायचं, "खाटकाला पाझर फुटला, पण शेजारणीच्या घरात." हिनेकनं गुत्त्यात जाणं सोडलं. मात्र रोज सकाळी ब्लाझेना फावडं घेऊन बाहेर यायची तेव्हा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूचा बर्फ कुणीतरी आधीच साफ केलेला असायचा. ती ते बघायची, आणि आभार मानायच्या ऐवजी आपल्या बाजूचा बर्फ त्या साफ पट्ट्यात उडवायची. पाणमांजर पुन्हा आलं नाही. ठसे दिसले नाहीत.

मार्चच्या शेवटी बर्फ काळा पडला, कडेनं सुटला आणि एका दुपारी फुटला. दुसऱ्या दिवशी मासे वर आले.

पोट वर करून, पांढरे, एकेक करून. ब्लाझेना जाळीचा झेला घेऊन काठावर बसली आणि एकेक मासा गवतावर ठेवत गेली. प्रत्येक मासा ती उलटासुलटा करून बघत होती. गळा बघितला, पोट बघितलं, शेपूट बघितलं. तिला दात हवे होते. कुठेतरी एक ओरखडा, एक चावा, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते ठरलेलंच होतं. दात कुठेच नव्हते. सगळे मासे अख्खे होते, फक्त रोडावलेले, डोक्यामागे खोल गेलेले. अंगावर काही उरलेलं नव्हतं. सगळ्यात शेवटी बारोनका आली. ती झेल्यात मावेना. ब्लाझेनानं तिला दोन्ही हातांनी उचललं, आणि एवढी मोठी मासोळी किती हलकी लागते हे तिच्या हातांना कळलं तेव्हा ती काठावर तशीच बसून राहिली.

कुणी जागं केलं यांना? किटलीतल्या पाण्यानं कुणी जागं होत नाही.

ती ओरडली. आधी एव्झेनवर, पहार का ठेवलीस म्हणून. मग त्या पाणमांजरावर. मग ओरडायला कुणी उरलं नाही. राग मात्र उरला, पूर्वीएवढाच, आणि तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना. साठ-सत्तर वर्षं तिला राग दुसऱ्याकडे फेकायची सवय. स्वतःवर कसं चिडतात हे तिला शिकावं लागलं, आणि ते फार वाईट होतं.

तिनं बारोनकाला प्लमच्या झाडाखाली पुरलं. एव्झेनचा सदरा कुंपणावरून काढून तिच्याभोवती गुंडाळला.

रविवारी रादोवान आला. यंत्रवाला माणूस सोबतच होता, जागा बघायला. तिघं काठावर उभे राहिले. पाणी गढूळ, शांत. रादोवानचा आवाज मऊ झाला.

"आई, वाईट वाटतं मला. पण ठरलं होतं आपलं. त्या हिनेककाकांनी सगळा घात केला, नाहीतर..."

तेवढ्यात ओढ्याच्या तोंडाशी पाणी हललं. एक पाठ वर आली. ब्लाझेनाचे मासे सगळे अंगभर खवल्यांचे; हा नागडा, पाठीवर तेवढी मोठ्या खवल्यांची एक रांग. चौकातल्या हौदातून आलेला, खाटकाला न मारवलेला, मुळात झोपलाच नव्हता म्हणून दचकून न उधळता कदाचित तगलेला. तो निवांत वळला आणि जवाचा दाणा कुठे दिसतो का बघू लागला.

"दिसला?" ब्लाझेना म्हणाली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "की डोळे शहरात ठेवून आलास?"

रादोवाननं बघितलं. मग यंत्रवाल्याकडे बघून खांदे उडवले. शब्द तो शब्द. "एक दिसला," तो म्हणाला. "राहू दे मग तळं. पण बाकीच्यांचं पाप हिनेककाकांच्या माथी, हे नक्की."

ब्लाझेना गप्प राहिली. जेवू घातलं, केक बांधून दिला, मुलाला निरोप दिला. आणि ते गप्प राहणं तिला रात्रभर माशाच्या काट्यासारखं घशात टोचत राहिलं.

सोमवारी सकाळी ती दुकानात गेली. पावाची रांग तीच होती. मग तिथून तडक हिनेकच्या दारात. या वेळी पहार नव्हती. दार हातानं वाजवलं.

हिनेकनं दार अर्धंच उघडलं. शिव्या खायची तयारी ठेवून उभा राहिला.

"मासे मेले," ती म्हणाली. "सगळे. बारोनकासुद्धा."

त्याचा चेहरा पडला. "किती खाल्ले गं त्यानं?"

"एक."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मी मारले." आवाज चढलेलाच होता, तिला दुसरा आवाज येत नव्हता. "त्या दिवशी सकाळी. पहार घेऊन अख्खं तळं ठोकत फिरले. सगळ्या गावाला ठोकू नका म्हणून सांगणारी मी. तू किटली घेऊन आलास आणि मी पहार. दुकानात आत्ताच सांगून आले. आधी तुझ्याकडे आले असते तर दुकानापर्यंत धीर पुरला नसता."

हिनेकनं दार पुरतं उघडलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"तुझा तो नागडा भुकेला आहे," ती शेवटी खेकसली. "माझ्या हातचं खात नाही. जव उकडून ठेवलंय, ये आणि घाल त्याला."

तो बूट चढवायला आत वळला. ती पायऱ्या उतरली, आणि मागे न बघता म्हणाली, "आणि येताना फाटकाची कडी लाव."